लिटरभर दुधाचे हलके क्रीम चीज

शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडतात. शेजारच्या मुलाच्या पावावर पांढरे, मऊ, लोण्यापेक्षा हलके असे काहीतरी फासलेले असते. संध्याकाळी घरी हट्ट सुरू होतो, "आई, मला पण तसलं चीज पाहिजे." आई दुकानात जाते, डबी हातात घेते, किंमत पाहते आणि परत ठेवते. पगाराच्या आठवड्यात एखादी डबी घरात येतेही. घरात तीन मुले असली तर ती दोन दिवस पुरत नाही.

वाचक भगिनींनो (आणि बंधूंनोही, कारण पुढे फेटण्याचे काम आहे आणि त्याला हातात जोर लागतो), त्या डबीत काय असते ते एकदा समजून घेतले तर हा हट्ट घरच्या चुलीवर पुरवता येतो. क्रीम चीज ऐकले की काहीतरी परदेशी, यंत्रावर होणारी वस्तू वाटते. तसे काही नाही. दूध विरजून आंबवायचे, त्यातले पाणी निथळू द्यायचे, उरलेला गोळा साईबरोबर गुळगुळीत होईपर्यंत फेटायचा आणि किंचित मीठ घालायचे. आपण श्रीखंडासाठी चक्का बांधतो, त्याचेच हे भावंड. साखरेच्या जागी मीठ घातले आणि साय वाढवली की श्रीखंडाची वाट सोडून आपण क्रीम चीजच्या वाटेला लागतो.

हा प्रकार आज आपण ज्या रूपात ओळखतो ते रूप अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातले. १८७० च्या दशकात चेस्टर गावातल्या विल्यम लॉरेन्स नावाच्या दूधवाल्याने फ्रान्सकडच्या न्यूशातेल जातीच्या मऊ चीजमध्ये जास्तीची साय घातली आणि ते 'क्रीम चीज' म्हणून विकायला सुरुवात केली. १८८० मध्ये त्याला फिलाडेल्फिया हे नाव चिकटले. चीज त्या शहरात होत नव्हते, पण तिकडच्या दुधाचे नाव मोठे होते, म्हणून डबीवर ते नाव आले. मालापेक्षा नावावर विक्री करण्याची रीत तेव्हापासूनची आहे!

डबीवर काय लिहिलेले असते

पुढच्या वेळी दुकानात गेलात की डबी उलटी करा आणि बारीक अक्षरे मुलाला वाचायला लावा. इंग्रजीचा अभ्यासही होतो. डब्यात जे जास्त वजनाचे असते त्याचे नाव यादीत आधी येते, जे कमी ते नंतर. पहिल्या दोन-तीन नावांत मिल्क, क्रीम, मिल्क सॉलिड्स असे असेल तर माल दुधाचा आहे. तिथेच पाम ऑइल, एडिबल व्हेजिटेबल ऑइल किंवा व्हेजिटेबल फॅट दिसले तर तुम्ही चीजच्या पैशात तेल घेत आहात. वेष्टनावर गाईचे चित्र असले तरी वाचायची ती यादीच.

यादीत आकडेही असतात. ३३१ आणि ३३९ हे चीज एकजीव राहावे म्हणून घातलेले सोडियमचे क्षार. २०० आणि २०२ बुरशी येऊ नये म्हणून. २३४ म्हणजे निसिन, तेही टिकण्यासाठी. हे सगळे कायद्याने परवानगी असलेले पदार्थ आहेत, विष नव्हेत. उगाच घाबरून जायचे कारण नाही. मात्र ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी सोडियमचा आकडा पाहावा आणि ज्यांचे मूत्रपिंड अशक्त आहे त्यांनी ३३९ असलेला माल टाळावा, कारण त्यातले फॉस्फेट मूत्रपिंडाला बाहेर टाकावे लागते.

आणखी एक गंमत. डबीवर 'व्हिप्ड' असे लिहिलेले असेल तर त्यात हवा भरलेली असते. म्हणूनच ते हलके आणि फुललेले लागते. साध्या क्रीम चीजचे दोन मोठे चमचे घेतले तर साधारण २८ ते ३० ग्रॅम होतात, हवा भरलेल्याचे तेवढेच चमचे २० ग्रॅमच्या आसपास भरतात. मुलाच्या पोटात लोणकट कमी जावे असे वाटत असेल तर हे चांगलेच आहे. पण ती हवा दुकानातून विकत कशाला आणायची? ती आपल्या हाताने भरता येते, फुकट.

लिटरभर दुधाचा हिशेब

एक लिटर दूध घ्या. पिशवीवर 'फुल क्रीम' लिहिलेल्या दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो, 'टोन्ड' दुधात ३ टक्के, 'डबल टोन्ड' मध्ये दीड टक्का. क्रीम चीज मऊ व्हायला फुल क्रीम किंवा म्हशीचे दूध बरे. टोन्ड दुधाचेही होते, पण चव जरा कोरडी लागते आणि माल थोडा कमी निघतो. फुल क्रीम दुधाच्या लिटरमागे साधारण ३५० ते ४०० ग्रॅम चक्का मिळतो. आज तुमच्या गल्लीत लिटरचा जो भाव असेल तो धरा, दुकानातल्या डबीचे वजन आणि किंमत शेजारी लिहा आणि भागाकार करा. वहीतला हा एक भागाकार जाहिरातीपेक्षा जास्त सांगून जातो.

लिटरभर दुधात सुमारे ३२ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे जवळजवळ पाच अंड्यांइतकी. हे मुद्दाम सांगितले, कारण क्रीम चीजला पौष्टिकतेचा राजा समजू नका. विकतच्या क्रीम चीजमध्ये १०० ग्रॅममागे ३४ ग्रॅमच्या आसपास स्निग्धता आणि प्रथिने जेमतेम ६ ग्रॅम असतात. घरच्या चक्क्याचे केले तर स्निग्धता साधारण निम्म्यावर येते आणि प्रथिने थोडी वाढतात. तरीही मुलाला अंगाने भरवायचे असेल तर अंडी, सुकट, डाळ, शेंगदाणे यांचा मान पहिला. क्रीम चीज हे त्या ताटातले तोंडी लावणे. अंड्याचे पैसे वळवून चीज करायचे नाही. चहाचे, बिस्किटाचे किंवा चॉकलेटचे पैसे वळवून करायचे.

करायचे कसे

दूध पिशवीचे असले तरी एकदा उकळी काढा. सुट्टे असेल तर नीट उकळून वर आलेच पाहिजे. कच्च्या दुधातून जनावराचा क्षय आणि ब्रुसेलोसिसचा ताप माणसात येतो, आणि त्या दुधाचे दही किंवा चीज केले म्हणून जंतू मरत नाहीत.

उकळलेले दूध कोमट होऊ द्या. करंगळी बुडवून दहा अंक मोजता आले पाहिजेत, इतके. त्यात चहाचा एक चमचा ताजे, गोडसर दही मोडून घाला. आंबट ढाण विरजण घातले तर पुढचे सगळे आंबट होते. भांडे स्टीलचे, काचेचे किंवा मातीचे घ्या. कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात दही कळकते हे आजी सांगायची. ते खरेच आहे, आंबटाने धातू सुटून दह्यात उतरतो. ॲल्युमिनियमचे पातेलेही यासाठी नको.

वेळेचे गणित ऋतूवर आहे. थंडीत दही लागायला आठ-दहा तास जातात, मे महिन्यात चार-पाच तासांत लागते. उन्हाळ्यात रात्री अकराच्या सुमारास विरजण लावावे. पहाटे नळाला पाणी येते तेव्हा आपण उठतोच, तेव्हा हवाही त्यातल्या त्यात गार असते. तीच दही बांधायची वेळ. दुपारी बारा वाजता पत्र्याखाली दही टांगले तर संध्याकाळपर्यंत त्याचे काय होईल हे सांगायला नको.

फडके पांढरे, सुती, मलमलीचे, दुहेरी करून. ते चाळणीवर पसरा, चाळण पातेल्यावर ठेवा, दही ओता. दहा-पंधरा मिनिटांत निम्मे पाणी आपसूक खाली उतरते. मग चारही टोके बांधून खिळ्याला किंवा नळाच्या तोटीला नव्हे, स्वयंपाकघरातल्या मांडणीच्या दांडीला टांगा, खाली पातेले आणि वरून झाकायला स्वच्छ पंचा. तोटीला टांगायची सवय पुष्कळ घरांत आहे. तिथे किती हात लागतात आणि रात्री काय फिरून जाते ते आठवा म्हणजे पुरे. पिळू नका. पिळले तर फडक्यातून पांढरे दही बाहेर येते आणि माल वाया जातो. तीन-चार तासांनी गाठोडे खाली उतरवून चाळणीत ठेवा, वर स्टीलचे झाकण आणि झाकणावर पाण्याने भरलेला तांब्या, तासभर. आता गोळा घट्ट झाला असेल. बोटाला ओला लागतो पण पाणी सोडत नाही, ही खूण.

हलके व्हावे म्हणून

इथे खरी मेहनत आहे. घट्ट चक्का तसाच फेटला तर त्यात कण राहतात आणि मूल पहिल्या घासाला ओळखते. आधी तो पुरणयंत्रातून काढा. पुरणयंत्र नसेल तर पिठाच्या बारीक चाळणीवर डावाच्या पाठीने रगडा. श्रीखंडाला आपण हेच करतो. मिक्सर असेल तर चालतो, पण सलग फिरवू नका. भांडे तापते, चक्का पातळ होतो आणि मग किती फिरवले तरी फुलत नाही.

गुळगुळीत झालेल्या चक्क्यात पोह्याचे दोन-तीन चमचे ताजी साय घाला. सकाळी चहासाठी दूध तापवले की त्याची साय धरते, तीच गार करून घ्यावी. कालची-परवाची साठवलेली साय नको, तिला वास असतो. पाव चमचा मीठ. आता खोल पातेल्यात रवीने किंवा लाकडी डावाने पाच-सात मिनिटे एकाच दिशेने, खालून वर उचलत फेटा. प्रत्येक वेळी वर उचलताना हवा आत जाते. रंग जरा उजळतो, गोळा फुगतो, डाव उचलला की त्याला मऊ शेंडी येते. झाले.

हवा आत कशी टिकते हे कळले तर हात चुकत नाही. सायीतली स्निग्धता गार असताना घट्ट असते आणि हवेच्या बुडबुड्यांना धरून ठेवते. गरम झाली की ती वितळते आणि बुडबुडे सुटतात. म्हणून उन्हाळ्यात परातीत माठाचे पाणी घेऊन त्यात पातेले ठेवून फेटावे. फ्रिज असलेल्या घरी चक्का आणि साय आधी तासभर गार करावी. आणि शेंडी आली की थांबावे. त्यापुढे फेटत राहिलात तर सायीचे लोणी सुटून बारीक गोळ्या दिसू लागतात, ताक घुसळताना दिसतात तशाच. तसे झालेच तर फेकू नका. थालीपीठ किंवा भाकरीवर लावायला ते उत्तम आहे, फक्त त्याला फुललेले म्हणता येणार नाही.

ज्यांना रात्रभर थांबायचे नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट. लिटरभर दूध उकळून गॅस बंद करा, दोन मोठे चमचे लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून थोडाथोडा घाला, हलक्या हाताने ढवळा. पाणी हिरवट आणि स्वच्छ दिसू लागले की रस घालणे थांबवा. उरला असेल तर उरू द्या, जास्त घातला की गोळा रबरासारखा होतो. फडक्यावर गाळून उकळून गार केलेल्या पाण्याने एकदा धुवा आणि दाबू नका. दाबले की पनीर. ओलसर असतानाच त्याच्या गाळलेल्या पाण्याचे तीन-चार चमचे घालून मिक्सरमध्ये बारीक करा, मग साय आणि मीठ घालून फेटा. ही रीत अर्ध्या-पाऊण तासाची. चव कमी आंबट, पोत जरा जाडसर. माझ्या जिभेला चक्क्याचेच जास्त आवडते. पण मे महिन्यात, फ्रिज नसलेल्या घरात लिंबाचीच रीत पत्करावी असे मी सांगेन. दूध तासन् तास कोमट राहत नाही, म्हणून बिघडायची शक्यता कमी.

फडके, हात आणि उष्मा

दूध उकळले म्हणजे सगळे निर्धोक झाले असे आपण धरून चालतो. उकळल्यानंतर दुधाला जे जे लागते तिथून जंतू परत येतात. त्यात पहिले अपराधी फडके. ओटा पुसायचे, भाकरी झाकायचे आणि चक्का बांधायचे फडके एकच असेल तर दूध उकळण्याला काही अर्थ राहिला नाही. चक्क्याचे फडके वेगळे ठेवा. वापरण्याआधी दहा मिनिटे पाण्यात उकळा, झाल्यावर आधी थंड पाण्याने धुवा (गरम पाण्याने दुधाचा चिकटा धाग्यात बसतो), मग पुन्हा उकळून कडक उन्हात वाळवा. सुवासिक साबण लावू नका. आमच्या घरी पहिल्यांदा केले तेव्हा सगळ्या चीजला धुण्याच्या पावडरीचा वास आला होता आणि मुलांनी त्याला जे नाव ठेवले ते इथे छापण्यासारखे नाही. जुन्या रंगीत साडीचा तुकडा तर मुळीच नको, आंबटाने रंग उतरतो.

हाताला जखम, गळू, पुरळ असेल त्या दिवशी हे काम दुसऱ्या कोणाला द्या. जखमेतले जंतू दुधाच्या पदार्थात वाढले की जे विष तयार करतात ते नंतर उकळूनही जात नाही. म्हणूनच बिघडलेले चीज "भाजीत टाकून शिजवू" हा विचार सोडून द्यावा. वास फसफसलेला, हाताला बुळबुळीत, तार सुटलेली, गुलाबी किंवा पिवळा ठिपका आलेला, यांपैकी एक जरी खूण दिसली तरी सगळे टाकून द्यायचे. जीव हळहळतो, पण मुलाचे जुलाब-उलट्या त्याहून महाग पडतात.

फ्रिज नसेल तर केलेल्या दिवशीच संपवा. वाटी पाण्याच्या परातीत ठेवून वर ओले फडके टाकले की संध्याकाळपर्यंत बरे राहते, त्यापुढे नाही. फ्रिजमध्ये झाकणाच्या डब्यात तीन-चार दिवस, तेही दरवेळी कोरड्या चमच्याने काढले तर. उन्हाळ्यात मुलाच्या डब्यात सकाळी सातला लावून दिलेले साडेबाराला खाऊ देऊ नका. शाळेतून आल्यावर लावून द्या.

सुट्ट्या दुधाची शंका असेल तर एक सोपी पाहणी आहे. थोडे दूध उकळून गार करा आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळे झाले तर त्यात पिठूळ काहीतरी मिसळलेले आहे. बाजारातून आणलेल्या चक्क्याची, पनीरचीही अशीच परीक्षा होते, पाण्यात उकळून गार करून. तपासलेला नमुना अर्थातच फेकून द्यायचा.

खाली उरलेले पाणी

चक्का टांगल्यावर पातेल्यात जे पिवळट-हिरवट पाणी जमते ते बहुतेक घरांत मोरीत जाते. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: ते ओतून देऊ नका.

दुधातले कॅल्शियम मुख्यतः प्रथिनाला चिकटलेले असते. दही आंबट होते तसतसे ते सुटते आणि पाण्यात विरघळते. आपण ते पाणी काढून टाकतो तेव्हा दुधातल्या कॅल्शियमचा बराच वाटा त्याच्याबरोबर जातो. म्हणजे हाडांसाठी म्हणून चक्क्याचे क्रीम चीज करायचे आणि हाडांचा माल मोरीत ओतायचा, असे होते. लिंबाने फाडलेल्या दुधात आंबटपणा कमी लागतो, म्हणून त्या गोळ्यात कॅल्शियम जास्त टिकते. लिंबाच्या रीतीचा हा दुसरा फायदा. प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सांगितले आहे, आणि लिटरभर दुधात ते सुमारे १२०० असते. किती मोलाचे पाणी आपण सांडतो ते यावरून पाहा.

या पाण्यात कणीक मळा, चपाती मऊ होते. ज्वारी-बाजरीच्या भाकरीला उकळून घाला. बेसन लावून कढी करा. जिरे-मीठ घालून मुलांना पेलाभर द्या. डाळीत घालायचे असेल तर डाळ पूर्ण शिजल्यावर घाला. आधी घातले तर आंबटाने डाळ शिजत नाही, तासभर गॅस जाळूनही दाताखाली टचटच राहते. हे पाणीही त्याच दिवशी संपवायचे. ज्यांना दूध प्यायले की पोट फुगते, गुरगुरते त्यांनी मात्र पाण्याचा पेला टाळावा, कारण दुधातली साखर त्या पाण्यात उतरलेली असते. त्याच कारणाने चक्का त्यांना दुधापेक्षा सोसतो.

कोणी सांभाळून खावे

घरात क्षयाचे औषध चालू असेल तर नीट वाचा. क्षयाच्या औषधांत आयसोनियाझिड हे एक असते. ते चालू असताना महिनोन् महिने मुरवलेले जुने चीज किंवा बांगड्यासारखा शिळा झालेला मासा खाल्ला तर काहींना चेहरा लाल होणे, धडधड, डोके दुखणे असा त्रास होतो. आपले हे चीज मुरवलेले नाही, ताजे आहे, म्हणून तो धोका इथे नाही. पण पिझ्झावर किसलेले कोणते चीज असते ते सांगता येत नाही. औषधांत लिव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन असेल तर दुधाचा कुठलाही पदार्थ आणि गोळी यांत किमान दोन तासांचे अंतर हवे, नाहीतर कॅल्शियम गोळीला धरून ठेवते आणि औषध अंगी लागत नाही. गोळी मात्र कोणत्याही कारणाने चुकवायची नाही. खाण्याची वेळ बदलायची. क्षयरुग्णाला निक्षय पोषण योजनेतून दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० ची १००० रुपये झाली आहे. ती खात्यात येते का ते आशाताईंना विचारून घ्या. त्या पैशांतून आधी अंडी आणि डाळ, मग दूध.

लोहाच्या गोळीचेही तसेच. शाळेत मुलींना मिळणारी निळी गोळी किंवा गरोदरपणातली लाल गोळी दूध, दही, चीज यांच्याबरोबर घेतली तर लोह कमी शोषले जाते. चहाबरोबरही तेच. दोन तास मागे-पुढे करा आणि गोळी लिंबू-पाण्याबरोबर घ्या.

गरोदर बाईने कच्च्या दुधाचे कुठलेही मऊ चीज खाऊ नये. लिस्टेरिया नावाचा जंतू त्यातून पोटातल्या बाळापर्यंत पोचतो, आणि तो फ्रिजच्या गारव्यातही वाढतो. घरी उकळलेल्या दुधाचे, त्याच दिवशी केलेले खायला हरकत नाही. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचे दूधच. त्यानंतर वरणभाताबरोबर चमचाभर चक्का चालतो, पण मीठ न घातलेला. म्हणून मीठ घालण्याआधी बाळाचा वाटा बाजूला काढावा. रक्तदाब असलेल्या आजी-आजोबांचाही वाटा तेव्हाच काढावा. दिवसाला सगळे मिळून ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर मीठ पुरे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपल्या लोणच्या-पापडात, सुकटीत ते कधीच ओलांडलेले असते.

चवीचे

डबीतल्या चीजमध्ये 'गार्लिक अँड हर्ब' नावाचा प्रकार महाग मिळतो. आपल्याकडे दोन पाकळ्या लसूण ठेचून, कोथिंबीर बारीक चिरून, मिरे कुटून घातले की तो होतो. जवसाची किंवा कारळ्याची चटणी चमचाभर मिसळली तर त्याहून चांगला होतो, आणि रंग बघून मुले विचारतात हे कुठल्या कंपनीचे. काकडी घालायची तर किसून, पिळून आणि अगदी वाढताना, कारण मीठ लागले की ती पाणी सोडते आणि फेटलेले बसते. गाजराचा कीस चालतो. लसूण-मिरची आधी चक्क्यात घालून ठेवू नका, फेटून झाल्यावर शेवटी दोन हात फिरवून मिसळा.

पावापेक्षा गरम भाकरीवर ते जास्त शोभते, पण भाकरी तव्यावरून उतरल्या उतरल्या लावू नये. मिनिटभर वाफ जाऊ द्यावी, नाहीतर पाच मिनिटे राबून भरलेली सगळी हवा एका क्षणात निघून जाते आणि भाकरीवर नुसते ओघळ राहतात.